विळीला वास नव्हता

तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आमच्याकडे शिजायच्या त्या खिडक्या लावून. बंगळूरच्या बसवनगुडीत आम्ही नवराबायको बावीस वर्षं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि खाली घरमालकीण राहते, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्काचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं. तिच्या मराठीत कन्नड इतकी मिसळलेली, की पहिलं वर्षभर मी निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घ्यायची. घर शुद्ध शाकाहारी आणि सोवळं कडक. सोवळ्याला ती मडी म्हणते. घर देताना तिनं एकच विचारलं होतं, "मासे खाता काय?" मी म्हटलं, "कधीतरी." त्यावर ती म्हणाली, "सरी. वास खाली येऊ नये. बाकी मला काही ठाऊक नाही."

त्या वासाशी मी बावीस वर्षं लढले. मासळीच्या दिवशी खिडक्या बंद, ओट्यावर उदबत्ती, भांड्यांना आणि हातांना लिंबाची साल. शिंपल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन पिशव्यांत भरायच्या आणि नवऱ्यानं त्या स्कूटरच्या डिकीत घालून दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्याच्या गाडीत टाकून यायच्या. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण पिशवी टाकताना असा इकडेतिकडे बघायचा, की कुणालाही वाटावं यानं घरात मुडदाच पाडलाय. शिवाय माझा एक नियम होता. घरात मासळी असेल त्या दिवशी वरून खाली काही जायचं नाही. चटणीसुद्धा नाही. हा नियम मी बावीस वर्षांत एकदाच मोडला.

गेल्या वर्षी अक्काची नात बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच ती मोकळी झाली. मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवून मग तिला घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, अजून नाजूक आहे, जंतुसंसर्ग होऊ देऊ नका. म्हणून नातीच्या खोलीच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवलेली. जो येईल तो दोनदा दाबून हात चोळायचा आणि बाळ उचलायचा. रोज सकाळी नऊला अक्का पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि कोमट तेल जिरवायची. एकोणऐंशीची बाई, तेरा दिवसांची पणती. मी जिन्यात उभी राहून बघत असे.

त्या रविवारी सकाळी माझ्या भावाचा फोन आला. तो किनाऱ्यावर, आमच्या खाडीकाठच्या गावी राहतो. ओळखीच्या माणसाबरोबर गाडीत डबा पाठवलाय, यशवंतपूर स्टेशनवर जाऊन घ्या म्हणाला. "यंदा तिसऱ्या अशा टपोऱ्या आहेत म्हणून सांगू! वरच्या अंगाला नवी वसाहत झाली ना, तिचं सांडपाणी पिऊन माजल्यात बहुतेक," असं म्हणून तो हसला. मीही हसले. 

नवरा थर्माकोलचा डबा घेऊन आला आणि मी विळी मांडली. विळी माझ्या आईची. पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी असलेली, आमच्याकडे असते तशी. तिसऱ्या आम्ही उकडून उघडत नाही, कच्च्याच विळीवर उघडतो. शिंपलीची फट पात्याला लावायची, दाब द्यायचा, आतलं पाणी खालच्या भांड्यात धरायचं, मांस एका शिंपलीत ठेवायचं आणि दुसरी फेकायची. ते पाणी म्हणजे खरी चव. ते फार उकळायचं नाही, तिसऱ्या फार शिजवायच्या नाहीत, नाहीतर रबर होतं. हे सगळं मला आईनं शिकवलं आणि आईला तिच्या आईनं. शंभरेक तिसऱ्या उघडेपर्यंत पाणी पात्यावरून, खवणीवरून, माझ्या मनगटांवरून ओघळत होतं.

मग मी विळी नळाखाली धरली. लिंबाची साल पात्यावर, खवणीवर घासली, हातांना चोळली, बोटं नाकाशी नेली. वास नव्हता. मी निश्चिंत झाले.

तेवढ्यात जिन्यातून अक्काची हाक आली. "अगं, तोंडाला रुचीच नाही बघ. तुझ्या हातची कोसंबरी करून देतीस काय? स्वल्पच." भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, लिंबू आणि वर भरपूर ओलं खोबरं, आपल्या कोशिंबिरीचीच ती इकडची बहीण. बाळ पेटीत होतं तेवढे दिवस अक्का धड जेवली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तिनं आपणहून काही मागावं आणि मी नाही म्हणावं, हे माझ्याच्यानं झालं नाही. शाकाहाराचं पातेलं वेगळं काढलं, डाव वेगळा, वाटी वेगळी. नारळ फोडला आणि विळीवर खवला. त्याच विळीवर.

वाटी घेऊन खाली गेले. अक्कानं चमच्यानं वाटी निपटून काढली. नात म्हणाली, "मावशी, जरा धरता का? मी केस विंचरते." मी बाटली दोनदा दाबली, हात चोळले आणि बाळाला घेतलं. तिनं माझं बोट मुठीत धरलं आणि तोंडाकडे नेलं. ओठांना लागायच्या आत मी ते सोडवलं की नंतर, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही.

सोमवारी दुपारी नवऱ्याला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी मलाही, पण कमी. तिसऱ्या बाधल्या, असं म्हणून मी दोघांसाठी मीठसाखरेचं पाणी करून ठेवलं. बोटं मोडून भावाला चार शिव्या दिल्या. भीती अजून वाटली नव्हती. आपण खाल्लं, आपण भोगलं, हिशेब सरळ होता.

मंगळवारी सकाळी आठला मी दूध घ्यायला खाली उतरले, तर अक्काची सून दारात फोनवर बोलत होती. सून म्हणजे नातीची आई. फोन ठेवून सासूबद्दल मला म्हणाली, "अत्तेंना पहाटेपासून चार वेळा उलटी झाली. पोटही बिघडलंय. टँकरचं पाणी असणार, दुसरं काय? आता सगळं उकळूनच घेतोय."

मी दुधाची पिशवी घेऊन दोन पायऱ्या चढले आणि थांबले. अक्कानं तिसऱ्या खाल्ल्या नव्हत्या. अक्कानं आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. मग आम्हाला झालं ते तिला कसं होईल?

इथे मला सांगायला हवं की मी सव्वीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. लोकांच्या जुलाबाचे नमुने हाताळण्यात माझी हयात गेली. हातमोजे कसे काढायचे यावरून मी किती पोरींना रडवलंय. आणि एक धडा मी दर वर्षी नव्या मुलांना ऐकवायची. शिंपल्यातला जीव दिवसभर पाणी आत ओढतो आणि गाळून सोडतो. पाण्यात माणसांची घाण असेल तर तिच्यातला विषाणू त्याच्या पोटात साठतो. नोरोव्हायरस. शिंपल्या दिसायला ताज्या, वासाला गोड, आणि आत हा बसलेला. दोन उकळ्यांनी तो मरेलच असं नाही. सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. त्याला साबण लागतो, वाहतं पाणी लागतं, फरशीला ब्लीच लागतं. आजारी माणसाच्या हातून तो पुढच्याकडे जातो, आणि बरं वाटल्यावरही काही दिवस जात राहतो. मोठ्या माणसाला तो दोनतीन दिवस लोळवतो. म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्या अंगातलं पाणी मात्र बघता बघता संपवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मी धावत वर गेले. विळी भिंतीशी उभी होती, स्वच्छ, चकचकीत. पात्यावरून माझी नजर खवणीच्या दातांवर गेली. मी ओट्याला धरून उभी राहिले. वास घालवला म्हणजे सगळं गेलं, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते. वासाखेरीज दुसऱ्या कशाची भीतीच मी कधी बाळगली नव्हती.

घड्याळात साडेआठ वाजले होते. नऊला अक्का पाटावर बसणार. उलट्या होवोत नाहीतर काही होवो, ती चुकवणार नाही. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, तिच्या मते पुन्हा मडीत येऊन, ती त्या दोन किलोच्या जिवाला दोन्ही हातांनी चोळणार.

खरं सांगते, त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं मी नुसती उभी होते. मनात घाणेरडे विचार आले. टँकरचं पाणी म्हणतायत ना, म्हणू देत. अक्काला नुसतं सांगू, तब्येत बरी नाही, आज राहू दे. ती ऐकणार नाही. मग काय सांगू? मी तुझ्या तोंडात शिंपल्यांचं पाणी घातलं? जिनं जन्मभर मासळीचा वाससुद्धा उंबऱ्याआत येऊ दिला नाही, तिला? घर जाईल, बावीस वर्षं जातील, पुन्हा तिच्यासमोर उभं राहता येणार नाही. नवरा आतल्या खोलीत कण्हत होता. त्याला मी हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, थोडं थांबूया. आणि मी थांबले असते.

खाली गेले तेव्हा अक्का पाटावर बसली होती. चेहरा पांढरा, डोळे खोल गेलेले, पण पाय पसरलेले आणि शेजारी तेलाची वाटी. नात बाळाला घेऊन खोलीतून बाहेर येत होती.

"अक्का, बाळाला हात लावू नका," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं. तिसऱ्या, विळी, लिंबाची साल, खवणी, खोबरं. हा आजार हातातून जातो, आणि दाराशी ठेवलेल्या बाटलीचा त्याच्यावर भरवसा नाही, हेही. शेवटी हेही सांगितलं की रविवारी त्याच हातांनी मी बाळाला घेतलं होतं आणि तिनं माझं बोट तोंडाकडे नेलं होतं. हे बोलताना मला रडू फुटलं. नातीनं बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

सुनेचा चेहरा मी विसरणार नाही. ती म्हणाली, "आधी माझी नात वाचू दे. मग तुमच्या घराचं बघते."

 अक्कानं पसरलेले पाय हळूहळू जवळ घेतले. तेलाची वाटी पदरानं धरून बाजूला सारली. मग नातीला म्हणाली, "आत ने. दार लाव." स्वतः भिंतीला धरून उठली आणि मागच्या खोलीत गेली. ते दारही बंद झालं. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, थकलेला पण नेहमीसारखा हुकमी. "माझं ताट, लोटा, चादर दारात ठेव. मागचा संडास माझा, दुसऱ्या कुणी जायचं नाही. मी मडीत आहे. मला कुणी शिवायचं नाही, समजलं काय?"

आयुष्यभर तिनं स्वतःला जगाच्या विटाळापासून वेगळं ठेवलं होतं. आता तेच नियम, तेच ताट, तोच लोटा तिनं उलटे फिरवले. बाळाला तिचा विटाळ होऊ नये म्हणून. लॅबमध्ये मी सव्वीस वर्षांत एवढं कडक विलगीकरण पाहिलं नव्हतं.

पण एकोणऐंशीची बाई बंद खोलीत एकटी ओकत होती. दुपारी तिचा आवाज बारीक झाला. मी सुनेला म्हटलं, "मला होऊन गेलंय. मी आत जाते. तुम्ही बाळाकडे राहा." ती बाळाच्या खोलीकडे वळली. मी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि दार ढकललं.

अक्का चटईवर पडली होती. मला बघून तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मी मीठसाखरेचं पाणी चमच्यानं द्यायला लागले. पहिले दोन चमचे ओठांवरून ओघळले, तिसरा तिनं गिळला. मी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं फरशी पुसली, तिचे कपडे वेगळ्या बादलीत घातले. ती एकच वाक्य बोलली, तेही भिंतीकडे बघून. "बाळाचं कधी कळेल?"

"शुक्रवारपर्यंत काही झालं नाही तर सुटलो," मी म्हटलं. अक्काच्या हातांपासून बाळ आज लांब झालं, तिथून तीन दिवस, असा तो हिशेब होता. विषाणू हिशेब पाळतो असं नाही, पण काहीतरी सांगायला हवं होतं.

बुधवारी अक्काला लघवीच होईना. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली.  जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, वेळेवर आणलंत. मी बाकावर बसून सलाइनचे थेंब बघत होते आणि मनात एकच होतं, म्हातारी माझ्या हातून जाणार.

त्या तीन दिवसांत खालच्या मजल्यावर बाळ रडलं की मी वर जागच्या जागी थिजायची, आणि रडलं नाही तरी थिजायची. किती दुपटी ओली झाली हे नात जिन्यातून मला सांगायची. तिनं तरी माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं. गुरुवारी दुपारी खालून किंकाळी आली, "ओकली! ओकली!" मी अनवाणी पळाले. उंबऱ्याशी थांबले. आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. नातीनं दुपटं लांबूनच दाखवलं. दही झालेलं दूध होतं, तोंडभर, नुसतं दूध. मी तिथेच पायरीवर बसले.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. बाळाला काही झालं नाही. अक्का घरी आली, काठी टेकत. रविवारी भावाचा फोन आला. गावात घरोघरी उलट्या चालल्या आहेत, खाडीतलं काही खाऊ नका म्हणून ग्रामपंचायतीनं दवंडी दिली आहे म्हणाला. तो हसत नव्हता. मी विचारलं, वसाहतीच्या गटाराचं काय? म्हणाला, त्याबद्दल दवंडी नाही.

अक्का त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. जिन्यातून हाक नाही, वाटी नाही. सुनेनं घराचा विषय काढला नाही, पण मी मनानं सामान बांधायला सुरुवात केली होती. विळी मी तासभर ब्लीचमध्ये बुडवून ठेवली. उकळतं पाणी ओतलं. तरी तिच्यावर नारळ खवायला माझा हात धजावेना.

महिन्याभरानं लांबलेलं बारसं ठरलं. बोलावणं सगळ्या गल्लीला होतं, म्हणून आम्हालाही. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, झबल्याची पिशवी मांडीवर धरून. पाळणा सजवलेला. आमच्याप्रमाणे त्यांच्याकडेही बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत. एका बाजूला अक्का बाळाला घेऊन उभी राहिली. दुसऱ्या बाजूला सून जाऊन उभी राहिली.

"तू बाजूला हो," अक्का तिला म्हणाली. मग मान वळवून खुर्च्यांवरून नजर फिरवली. "वरची कुठे आहे?"

 मी उठले.  सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. मी पाळण्यापाशी गेले. अक्का महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती.

"हात धुतलेस?"

"धुतले, अक्का. आत्ताच, तुमच्याच नळावर."

"कशानं?"

"साबणानं."

"लिंबानं नाही ना?"

"नाही, अक्का."

"मग घे की."

तिनं वाकून पाळण्याखालून बाळ पुढे केलं. मीही वाकले आणि हात पुढे केले.  अक्कानं ते एकदा नीट पाहिले, आणि बाळ माझ्या हातांत दिलं.